उत्तरार्ध गाळलेला माणूस

जमैका बेटावर 1963 सालच्या एप्रिल महिन्यात पोलिसांनी रस्ताफारी पंथाच्या माणसांना हुडकून काढले, बदडले, तुरुंगात कोंबले आणि त्यांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. जटा ही त्या पंथाची धर्मखूण. कोरल गार्डन्स नावाच्या ठिकाणी झालेल्या एका रक्तपाताचे निमित्त होते. शिक्षा मात्र साऱ्या पंथाला झाली. या कृत्याबद्दल जमैकाच्या सरकारने माफी मागितली ती 2017 साली, म्हणजे 54 वर्षांनी. आज त्याच बेटावर पर्यटकांच्या दुकानांत लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या मिळतात, आणि त्या टोप्यांना मागे लोकरीच्या खोट्या जटा शिवलेल्या असतात. सुट्टीवर आलेला पाहुणा ती टोपी घालून फोटो काढून घेतो आणि हॉटेलात जाऊन जेवतो. खऱ्या जटांना कात्री आणि खोट्या जटांना गिऱ्हाईक, असा हा न्याय आहे.

हे सारे ज्याच्या नावाने चालते त्याचा चेहरा आपल्याकडेही अनोळखी नाही. गोव्यात हणजूणच्या बाजारात तो बनियनांवर छापलेला असतो. डोळे अर्धवट मिटलेले, जटा पसरलेल्या, ओठांतून धूर निघतो आहे. खाली नाव : बॉब मार्ली. बनियन घालणाऱ्या पोरांना विचारा, हा कोण? उत्तर येते, "गांजा ओढणारा गवई." गंमत अशी, की 'गांजा' हा शब्दच जमैकात आपल्याकडून गेला. 1845 पासून हिंदुस्थानातले गिरमिटिये मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर उतरले, त्यांच्या गाठोड्यातून ही वनस्पती आणि तिचे नाव तिथे पोचले. 1913 साली तिथल्या गोऱ्या सरकारने तिच्यावर बंदी घातली, आणि पुढे तोच कायदा गरिबांच्या झोपड्यांवर धाडी घालायला उपयोगी पडला. रस्ताफारींना ते ध्यानाचे साधन वाटते, पोलिसांना ते पकडण्याचे निमित्त वाटत असे, आणि बनियनवाल्याला ते विक्रीचे चित्र वाटते. एकाच धुराची ही तीन रूपे. त्यांतले तिसरे तेवढे आपल्यापर्यंत आले.

मी आज लिहितो आहे ते याच गाळणीविषयी. बंडखोर माणूस मेल्यावर त्याचा गोड भाग ठेवून बाकीचा फेकून देण्याची जी रीत जगभर रूढ झाली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार आहे. आणि या तक्रारीला निमित्त झाले ते लंडनमध्ये पाहिलेले एक संगीत नाटक.

नाटकाचे नाव 'गेट अप, स्टँड अप!'. लंडनच्या शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरील लिरिक नाटकगृहात ते 2021 च्या ऑक्टोबरात रंगमंचावर आले आणि 2023 च्या जानेवारीत उतरले. संहिता ली हॉल यांची, दिग्दर्शन क्लिंट डायर यांचे. आरंभीच्या प्रयोगांत मार्लीची भूमिका अरिंझे केने या नटाने केली. 2022 च्या उन्हाळी सुट्टीत मी तिकडे धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिकिटाच्या पौंडांचे मनातल्या मनात रुपये केले तेव्हा घरचा महिन्याचा किराणा डोळ्यांपुढे आला, पण भाचीने हट्टच धरला, "मामा, हे नाटक बघितल्याशिवाय तुला परत जाऊ देणार नाही."

आधी नाटकाचे जे देणे आहे ते देऊन टाकतो. गाणारे अस्सल होते, वाजवणारे त्याहून अस्सल. रंगमंचावर ध्वनिक्षेपकांच्या पेट्या भिंतीसारख्या रचलेल्या होत्या. किंग्स्टन शहराच्या गल्ल्यांत अशाच पेट्या मांडून गाण्याच्या रात्री होत असत, तेव्हा ही योजना नेमकी होती. रेगे संगीताचा ठेकाही त्यांनी बिघडवला नाही. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : चार मात्रांपैकी पहिलीवर, जिथे आपण समेची टाळी द्यायची, तिथे ढोलवाला हात राखतो आणि आघात देतो तिसरीवर. समेची जागा मोकळी राहते, आणि ऐकणाऱ्याचे अंग ती भरून काढायला आपोआप हलू लागते. असा हा लबाड ठेका आहे. तो ऐकून माझ्यासारख्या शाळामास्तराचाही पाय हलला.

मग तक्रार कसली? सांगतो.

बॉब मार्ली जन्मला 6 फेब्रुवारी 1945 रोजी, जमैकातील सेंट अ‍ॅन परगण्यातल्या नाइन माइल या खेड्यात. बाप साठीच्या घरातला गोरा, आई अठराएक वर्षांची काळी मुलगी. बापाने संसार असा केलाच नाही. आईबरोबर पोरगा किंग्स्टनला आला तो ट्रेंचटाऊन वस्तीत. तिथे तो वेल्डिंगचे काम शिकत होता. धातूची ठिणगी डोळ्यात गेली आणि ते काम सुटले. पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन या सोबत्यांबरोबर त्याने 'वेलर्स' हा मेळ उभा केला. 11 मे 1981 रोजी मायामी शहरात कर्करोगाने तो गेला तेव्हा तो अवघा 36 वर्षांचा होता. एवढ्या आयुष्यात त्याने गाणी केली ती कुणाविषयी? गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांविषयी. त्यांची भूक, त्यांच्या वस्तीतले पोलिस, त्यांचा देव, त्यांचे परत जाण्याचे स्वप्न. त्या गाण्यांत प्रेम आहे, तेही याच वस्तीत राहून केलेले प्रेम आहे.

चरित्रनाटक करणाऱ्यापुढे अडचण अशी, की गाणी सगळ्यांना पाठ असतात आणि चरित्र कुणालाच माहीत नसते. मग तो गाण्यांच्या सोयीने चरित्र कापतो. नायकाचे बायकोशी भांडण झाले, घाला एक गाणे. दुसरीवर जीव जडला, घाला दुसरे. या नाटकात 'नो वूमन, नो क्राय' हे गाणे मार्लीची पत्नी रिटा गाते, आणि तिच्या संसारातले सगळे दुःख त्यात येऊन बसते. नाट्यगृह स्तब्ध होते. नटीचा गळा असा, की माझ्याही अंगावर काटा आला. पण ते गाणे मूळ कुठले? ट्रेंचटाऊनच्या सरकारी चाळीच्या अंगणातले. त्या गाण्याचा कर्ता म्हणून मार्लीने नाव लावले व्हिन्सेंट फोर्ड या आपल्या मित्राचे, जो त्या वस्तीत भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवीत असे. वस्तीतल्या सगळ्या आयाबहिणींचे अश्रू पुसायला निघालेले ते गाणे एका जोडप्याच्या शयनगृहात आणून बसवले, की ते कानाला अधिक गोड लागते, आणि ट्रेंचटाऊनच्या चुलीवरचे भांडे रिकामे का होते हा प्रश्न विचारायची कुणाला गरज उरत नाही.

शेवटी काय झाले ते सांगायला नकोच. सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले आणि नाचू लागले. नाटकाच्या नावातच 'ऊठ, उभा राहा' अशी हाक आहे. लोकांनी ती शब्दशः पाळली. हक्कासाठी उभे राहा म्हणून ज्याने सांगितले त्याच्यासाठी लोक खुर्चीतून उभे राहिले आणि गाणे संपल्यावर कोट घालून घरी गेले.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक वृद्ध काळ्या बाई होत्या. हातात काठी, डोक्यावर रविवारी प्रार्थनेला जाताना घालावी तशी टोपी. शेवटच्या गाण्याला सर्वांआधी त्याच उठल्या, काठी टेकून डोलू लागल्या, गालांवरून पाणी वाहत होते. त्यांच्या उठण्याबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही. 1948 च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' ही बोट जमैकाहून माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागली. युद्धाने मोडलेले इंग्लंड पुन्हा उभारायला ही माणसे आली, आणि त्यांच्यामागून आणखी हजारो. त्यांनी बसगाड्या चालवल्या, रुग्णालये सांभाळली. त्यांची मुले लहानपणीच कायदेशीर वाटेने आली आणि तिथेच म्हातारी झाली. 2018 साली उघडकीला आले, की यांतल्या कित्येकांना सरकारने 'कागद दाखवा' म्हणून छळले. कुणाची नोकरी गेली, कुणाचे औषधपाणी बंद झाले, कुणाला देशाबाहेर घालवले. त्या बाई विंडरशवाल्यांपैकी होत्या की नव्हत्या हे मी विचारले नाही. पण त्यांच्यासारख्यांना दोन तास आपले गाणे मोठ्या रंगमंचावर मानाने ऐकायला मिळाले तर ते त्यांचे हक्काचे आहे.

माझी तक्रार आहे ती बाकीच्या टाळ्यांविषयी. ज्या शहरात ह्या टाळ्या वाजत होत्या त्या शहरातल्या पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि 2 कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. कुणाला? गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! गुलामांना छदामही मिळाला नाही. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज पूर्ण फिटले ते 2015 साली. म्हणजे विंडरशने आलेल्या जमैकावाल्यांनी आणि त्यांच्या लेकरांनी जो कर भरला, त्याच तिजोरीतून आपल्या पणज्यांच्या मालकांसाठी घेतलेले कर्ज फेडले गेले. मार्लीचे गाणे या हिशेबाविषयी आहे. हा हिशेब ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही त्याने मार्ली ऐकला असे मी म्हणणार नाही; त्याने ठेका ऐकला.

नाटकगृहाबाहेर पडल्यावर मी हे सारे भाचीला ऐकवले. ती सोळा वर्षांची, तिकडेच वाढलेली, पण मराठी चांगले बोलते. ती म्हणाली, "मामा, पण लोक मजा करायला येतात ना? प्रत्येक ठिकाणी भाषण हवंच का?"

हा आक्षेप माझ्या भाचीचाच नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर हे पान वाचणाऱ्या पुष्कळांचा तो असणार, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो.

मजेला माझा विरोध नाही. मार्लीचाही नव्हता. त्याला लोकांनी नाचावे असे वाटे, आपली तबकडी जगभर खपावी असे वाटे. 1973 सालच्या 'कॅच अ फायर' या तबकडीत इंग्लंड-अमेरिकेच्या श्रोत्यांना रुचावी म्हणून लंडनमध्ये गिटारची नवी भर घालण्यात आली, तीही त्याने चालवून घेतली. तो काही सोवळ्यात बसलेला गवई नव्हता. पण भाषणाचे म्हणाल तर ऐका. 4 ऑक्टोबर 1963 रोजी इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात भाषण केले, त्यात वर्णद्वेष असेल तोवर जगात शांतता नांदणार नाही असा आशय होता. मार्लीने 1976 साली त्या भाषणाचेच गाणे केले आणि त्याला नाव दिले 'वॉर'. मुत्सद्द्यांसमोर वाचलेले कोरडे भाषण उचलून त्याने त्याला ठेका लावला आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशांच्या तोंडी ते घातले. भाषण आणि नाच ही दोन वेगळी दुकाने आहेत असे त्याला कधी वाटलेच नाही. ती वेगळी केली ती आपण, आणि त्यांतले एक बंद करून दुसरे चालू ठेवले.

ही कापाकापी नाटकवाल्यांनी सुरू केली असेही नाही. मार्लीच्या मृत्यूनंतर 1984 साली त्याच्या निवडक गाण्यांची 'लेजेंड' नावाची तबकडी निघाली. जगभर तिच्या 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या. आज लोकांना जो मार्ली माहीत आहे तो बहुतेक या तबकडीतला. आता त्याची 1979 सालची 'सर्व्हायव्हल' ही तबकडी पाहा. तिच्या वेष्टनावर आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे आहेत. आतली गाणी त्या खंडाच्या एकजुटीची आणि स्वातंत्र्याची. त्यांतले एक तर ज्या देशाला अजून स्वातंत्र्य मिळायचे होते त्या झिंबाब्वेच्या नावाचेच. या तबकडीतले किती गाणे 'लेजेंड'मध्ये आले? एकही नाही. प्रेमाची आली, दिलाशाची आली, दोन-चार ठिणग्याही आल्या. पण तो अख्खा निखारा बाहेर राहिला.

आणि त्या झिंबाब्वेच्या गाण्याचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. 17 एप्रिल 1980 च्या रात्री सॉल्सबरीच्या, म्हणजे आजच्या हरारेच्या, रुफारो मैदानात ब्रिटिश झेंडा उतरायचा होता. त्या सोहळ्यासाठी आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधीही गेल्या होत्या. मार्ली आपल्या खर्चाने वाद्ये आणि यंत्रे विमानाने घेऊन तिथे पोचला. गाणे सुरू झाले तेव्हा मैदानाबाहेर राहिलेले लोक आत घुसू लागले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि तो धूर वाऱ्याबरोबर मंचावर आला. गाणे थांबले. धूर विरल्यावर मार्ली पुन्हा मंचावर आला आणि गायला; दुसऱ्या दिवशी सामान्य जनतेसाठी पुन्हा गायला. बनियनावर छापायचाच असेल तर हा धूर छापा! हा त्याने ओढलेला नव्हता. स्वातंत्र्याच्या पहिल्याच रात्री, राज्य बदलले तरी पोलिसाची सवय बदलत नाही, एवढे सांगणारा हा धूर होता.

दुसरे उदाहरण त्या प्रसिद्ध हातांचे. 3 डिसेंबर 1976 रोजी मार्लीच्या घरात शिरून बंदूकवाल्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दोनच दिवसांनी, जखमा ओल्या असताना, तो किंग्स्टनमध्ये हजारो लोकांपुढे गायला. पुढे 22 एप्रिल 1978 रोजी त्याने जमैकाचे पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पुढारी एडवर्ड सीगा यांना मंचावर ओढून आणले आणि दोघांचे हात आपल्या हातात धरून उंच केले. हे छायाचित्र जगभर भिंतींवर लागलेले आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. 1980 च्या निवडणुकीत त्याच दोन पक्षांच्या झगड्यात शेकडो माणसे मारली गेली, बहुतेक ट्रेंचटाऊनसारख्याच वस्त्यांतली. हात उंचावलेले चित्र आपण ठेवतो, त्यानंतरची प्रेते गाळतो. त्यामुळे लेकरांना असे वाटते, की दोन पुढाऱ्यांनी हात मिळवले की दंगा मिटतो. मार्लीला स्वतःला असा भ्रम असता तर 'सर्व्हायव्हल' त्याने पुढच्याच वर्षी केली नसती.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या लांबच्या बेटाची उठाठेव मराठी मास्तराने का करावी? करावी, कारण हीच कात्री आपल्या घरातही आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड कुणाला ठाऊक नाही? मुंबईला पोट भरायला गेलेल्या मजुराची मैना गावाकडे राहिली, त्याची ती तळमळ. स्नेहसंमेलनात एका वर्षी मुलांनी ती म्हटली, ठसक्यात म्हटली, पालकांनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. पण म्हटली अर्धीच. उत्तरार्धात अण्णा भाऊ सांगतात, की मैनेपासून जशी माझी ताटातूट झाली तशीच महाराष्ट्राची बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या आपल्या भागांपासून झाली आहे. छक्कड लिहिली गेली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. तो अर्धा भाग का गाळला असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "वेळ कमी होता, आणि तो भाग कुणाला आवडत नाही." दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा टांगला, ती चारही नावे मुलांकडून शोधून घेतली आणि मग उत्तरार्ध म्हणवून घेतला. मुलांना तो आवडला. त्यांना आवडत नाही असे परस्पर ठरवणारे मोठेच होते.

बंडखोराचे नाटक चांगले की वाईट याची माझ्याजवळ एक साधी कसोटी आहे. प्रेक्षागृहात एखादा तरी माणूस अस्वस्थ झाला पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' इंग्रज सरकारने 1910 साली बंद पाडले. त्यात ना इंग्रजांचे नाव होते ना लॉर्ड कर्झनचे. महाभारतातली गोष्ट होती. तरी प्रेक्षकांना कीचक कोण ते कळत होते, आणि सरकारलाही कळत होते. मार्लीच्या नाटकाने कुणालाच काही कळू दिले नाही. पुढे बसलेले, मागे बसलेले, सगळे सारखेच खूश होते. ज्याने आयुष्यभर जुलमी सत्तेला 'बॅबिलॉन' म्हटले, त्याचे चरित्र त्या सत्तेच्या राजधानीत कुणालाही न बोचता पार पडले, हा मला त्या प्रयोगाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

नाटके होऊ द्या, गाणी वाजू द्या. मुलांना नाचू द्या, आपणही नाचा. एवढेच करा, की घरात मार्लीचे गाणे लागले आणि लेकराने विचारले, "हा कोण?" तर 'गांजावाला' म्हणून त्याची बोळवण करू नका. कापलेल्या जटांची गोष्ट सांगा, रुफारोचा अश्रुधूर सांगा, 2 कोटी पौंड कुणाला मिळाले ते सांगा. 'लेजेंड' ऐकून झाल्यावर 'सर्व्हायव्हल' लावा. आणि कुणी 'माझी मैना' म्हणू लागले तर त्याला मध्येच टाळ्या वाजवून थांबवू नका. उत्तरार्ध अजून व्हायचा असतो.